ड्रीम ॲक्ट इतकी वर्षं का रखडलाय?

लहानपणी आईबापांबरोबर आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांबद्दल अमेरिकेत दोन्ही पक्ष गोड बोलतात, मग त्यांना कायदेशीर दर्जा आणि पुढे नागरिकत्वाचा मार्ग देणारा २००१चा ड्रीम ॲक्ट अजून पास का नाही, असं तुम्ही विचारलंय. बहुमत नव्हतं म्हणून, असा समज असेल तर तो काढून टाका.

डिसेंबर २०१० बघा. हाउसने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाने, विधेयक २१६ विरुद्ध १९८ मतांनी पास केलं. दहा दिवसांनी वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, ५५ बाजूने, ४१ विरोधात. लोकसभेत एवढ्यावर काम झालं असतं. सिनेटमध्ये मात्र चर्चा आटोपून मतदान घ्यायचं म्हटलं तरी ६० मतं लागतात, त्यामुळे ते तिथेच बारगळलं. सगळं खापर रिपब्लिकनांवर फोडता येत नाही. पाच डेमोक्रॅटही विरोधात गेले. आणि डेमोक्रॅट सिनेटर डिक डर्बिन यांच्या जोडीने २००१ साली हे विधेयक आणणारे रिपब्लिकन ऑरिन हॅच? ते मतदानाला आलेच नाहीत!

माझ्या मते खरं दुखणं देवाणघेवाणीत आहे. या मुलांबद्दल लोकांना कळवळा आहे, म्हणूनच त्यांच्या आडून आपलं काहीतरी पदरात पाडून घ्यायची संधी कुणी सोडत नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये सीमासुरक्षेसाठी २५ अब्ज डॉलर आणि त्या बदल्यात मुलांना नागरिकत्वाचा मार्ग, असा दोन्ही पक्षांतल्या सिनेटरांनी जुळवलेला सौदा ५४ मतांवर अडकला. ट्रम्प यांच्या मनासारख्या विधेयकाला, ज्यात कुटुंबाच्या नात्यावर मिळणाऱ्या व्हिसांनाही कात्री होती, ३९च मतं पडली.

मधल्या काळात, २०१२ साली ओबामांनी याच मुलांसाठी डाका (DACA) ही योजना आणली: हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि दोन-दोन वर्षांचं वर्क परमिट, पण नागरिकत्व नाही. तेव्हापासून ती कोर्टकचेऱ्यांत आहे.

इथे न्यू जर्सीत गणपतीच्या जेवणावळीत हा विषय निघतो तो वेगळ्याच कारणाने. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या मुलांना २१ वर्षं पूर्ण झाली की आईबापांच्या व्हिसावर राहता येत नाही, आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग त्याहून लांब. डाकाची अट अशी, की १५ जून २०१२ला तुमच्याकडे कायदेशीर दर्जा नसायला हवा. म्हणजे नियमाने आलेली ही पोरं त्यात बसतच नाहीत. त्यांच्यासाठी २०२१ साली ॲलेक्स पडिया आणि रँड पॉल यांनी वेगळं विधेयक मांडलं. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. तेही तसंच राहिलं.