घरातल्या घरातला परवाना

प्रिय सहकारी,

स. न. वि. वि.

तू पाठवलेला परवाना कराराचा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. सिंगापूरच्या होल्डिंग कंपनीने, म्हणजे समूहातल्या कंपन्यांचे शेअर हाती असलेल्या मूळ कंपनीने, व्यापारचिन्ह, दोन पेटंटे आणि पुण्याच्या उपकंपनीत तयार झालेले सॉफ्टवेअर समूहातल्या तीन कंपन्यांना वापरू द्यायचे, एवढाच विषय आहे असे समजून तू तो अडीच पानांत आटोपला आहेस. सोबतच्या टिपणात तू लिहितोस की दोन्ही बाजू आपल्याच असल्यामुळे कलमे कमी ठेवली. माझे या पत्रातले सगळे म्हणणे या एका वाक्याविषयी आहे.

दोन परक्या कंपन्या करार करतात तेव्हा समोरच्याच्या प्रत्येक शब्दावर कोणीतरी डोळ्यांत तेल घालून बसलेले असते, आणि त्यामुळे मसुद्यातल्या उणिवा सहीच्या आधीच बाहेर पडतात. समूहातल्या करारात ही घासाघीस होतच नाही. एकच कायदा विभाग दोन्ही बाजूंचे लिहितो, सह्या होतात, फाइल कपाटात जाते. पुढे ती फाइल मागवतो तो आयकर अधिकारी, किंवा अल्पसंख्य भागधारक, किंवा उपकंपनी विकत घ्यायला आलेल्याचा वकील, आणि यांपैकी कोणीही घरचा नसतो. तुझ्या कराराचे खरे वाचक हेच आहेत.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. एका समूहासाठी मी दुबईतल्या भगिनी कंपनीला सॉफ्टवेअर वापरू देण्याचा दीड पानाचा परवाना लिहिला होता. मुदत आणि प्रदेश लिहिले नाहीत, कारण दुबईतली कंपनी ते दुबईतच वापरणार आणि लागेल तोवर वापरणार, हे मला उघड वाटले. सातव्या वर्षी तो व्यवसाय विकायला निघाला, तेव्हा खरेदीदाराच्या वकिलाने माझ्यासमोर तो कागद ठेवून समासात पेन्सिलीने लिहिलेले दोन आकडे दाखवले: 30अ आणि 19. कॉपीराइट कायदा, 1957 मधली ही कलमे एकत्र वाचली की मुदत लिहिलेली नसेल तर परवाना पाच वर्षांचा मानला जातो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. म्हणजे दुबईच्या कंपनीकडचा परवाना कागदावर केवळ भारतासाठी होता, आणि तोही दोन वर्षांपूर्वी संपलेला. त्याने मग शेवटचे पान उलटले. दोन्ही कंपन्यांच्या वतीने एकाच संचालकाने, एकाच निळ्या शाईच्या पेनाने सही केली होती, आणि मुद्रांक कागदावरचा विक्रीचा शिक्का करारावरच्या तारखेनंतर अकरा दिवसांचा होता. तो काही बोलला नाही. दुरुस्तीचे कागद होईपर्यंत खरेदीदाराने किमतीचा एक हिस्सा मात्र अडवून ठेवला.

आता तुझ्या मसुद्याकडे वळतो. त्यातली सर्वांत मोठी अडचण दराची नाही, मालकीची आहे. पहिल्याच कलमात तू होल्डिंग कंपनीला सॉफ्टवेअरची मालक म्हटले आहेस. पण ते पुण्याच्या कंपनीच्या नोकरीतल्या अभियंत्यांनी कामाचा भाग म्हणून लिहिले असेल, तर कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमानुसार, उलट करार नसल्यास, पहिली मालक पुण्याची कंपनीच ठरते. होल्डिंगच्या नावे लेखी हस्तांतरण झाले आहे का? ते नसेल तर जी वस्तू आपली नाही ती होल्डिंग कंपनी तिच्याच खऱ्या मालकिणीला भाड्याने देत आहे. पेटंटांची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण आपल्या पेटंट कायद्यात नोकराने लावलेला शोध आपोआप मालक कंपनीचा होतो असे म्हणणारे कलमच नाही. तो हक्क शोधकर्त्याच्या लेखी हस्तांतरणातून किंवा नोकरीच्या करारातून यावा लागतो. शिवाय 68 व्या कलमानुसार पेटंटाचे हस्तांतरण आणि परवाना दोन्ही लेखीच हवेत, आणि त्यांची नोंद पेटंट कार्यालयाच्या नोंदवहीत करून घ्यावी लागते. समूहातल्या व्यवहारांत ही नोंद हटकून राहून जाते.

चिन्हाचा भाग त्यामानाने सरळ आहे. नाव एका कंपनीच्या मालकीचे आणि वापरणाऱ्या अनेक, ही रचना आपल्याकडे जुनी आहे. टाटा सन्स समूहातल्या कंपन्यांना टाटा हे नाव करार करून आणि वर्गणी घेऊन वापरू देते, आणि किर्लोस्कर हे चिन्हही किर्लोस्कर प्रोप्रायटरी या वेगळ्या कंपनीकडे आहे. लक्षात ठेवायचे ते इतकेच की व्यापारचिन्ह कायदा, 1999 नुसार उपकंपनीचा वापर हा मालकाचा वापर म्हणून धरला जायला हवा असेल, तर मालकाची संमती लेखी करारात असावी लागते आणि त्यातल्या अटी प्रत्यक्षात पाळल्या जाव्या लागतात. असा करार नसेल आणि मालक स्वतः चिन्ह वापरत नसेल, तर पाच वर्षांच्या न-वापराच्या कारणावरून नोंदणी रद्द करा म्हणणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला आपण आयतेच कोलीत देतो. तेव्हा गुणवत्तेचे कलम शोभेसाठी ठेवू नकोस. तपासणी कोण, किती महिन्यांनी करणार ते लिही, आणि ती होते याचे कागद ठेवायला सांग.

रॉयल्टीच्या, म्हणजे वापराच्या मोबदल्याच्या, दराविषयी तू तीन टक्के लिहिले आहेस, पण ते कुठून आले याचा एक शब्दही नाही. आयकर कायद्यात 2001 साली आलेल्या हस्तांतरण किमतीच्या तरतुदींनुसार, परदेशी संबंधित कंपनीला दिलेली रॉयल्टी दोन अनोळखी कंपन्यांमध्ये ठरली असती तितकीच असायला हवी. 2015 मध्ये ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेच्या बेप्स प्रकल्पाचे, म्हणजे कर टाळण्यासाठी नफा दुसऱ्या देशांत हलवण्याला आळा घालण्याच्या प्रकल्पाचे, अहवाल आल्यापासून तर केवळ नोंदणी कोणाच्या नावावर आहे एवढ्यावर कोणी समाधान मानत नाही. ती संपदा कोणी घडवली, वाढवली, सांभाळली, तिच्या संरक्षणाचा खर्च आणि जोखीम कोणी उचलली, हे विचारले जाते. पुण्याने लिहिलेले सॉफ्टवेअर सिंगापूरला फुकट देऊन त्याच पुण्याकडून तीन टक्के घेतले, तर अधिकाऱ्याला फार शोधावे लागणार नाही. उलट फुकट परवाना द्यावा म्हटले तरी सुटका नाही, कारण परदेशी संबंधित कंपनीकडून व्यवसायासाठी मोबदल्याशिवाय घेतलेली सेवाही जीएसटीत पुरवठा मानली जाते. परदेशी कंपनीला मिळणाऱ्या रॉयल्टीवरचा कर 2023 मध्ये 10 टक्क्यांवरून 20 टक्के झाला; भारताच्या सिंगापूरशी असलेल्या कर-करारातला 10 टक्क्यांचा दर हवा असेल तर तिथल्या कंपनीचे कर-निवासी प्रमाणपत्र आणि ती रॉयल्टीची खरी लाभधारक असल्याचा पुरावा आधीच मागवून ठेव.

पुण्याची कंपनी पुढेमागे शेअर बाजारात नोंदवायची आहे, असे तुझ्या टिपणात ओझरते आले आहे. तसे असेल तर दराचे कलम आजच त्या नजरेने लिहायला हवे. ब्रँड किंवा रॉयल्टीपोटी संबंधित पक्षाला दिलेली रक्कम वार्षिक एकत्रित उलाढालीच्या 5 टक्क्यांपुढे गेली, की सेबीच्या नियमांनुसार भागधारकांची मंजुरी लागते आणि तिथे संबंधित पक्षांना ठरावाच्या बाजूने मत देता येत नाही. मे 2024 मध्ये नेस्ले इंडियाने मूळ कंपनीला द्यायची रॉयल्टी विक्रीच्या 4.5 टक्क्यांवरून पाच वर्षांत 5.25 टक्क्यांवर नेण्याचा ठराव मांडला होता आणि भागधारकांनी तो नामंजूर केला. संचालक मंडळाने आधी संमती दिलेली असूनही हे घडले, हे मला त्यात विशेष वाटते.

शेवटी, उपकंपनी समूहाबाहेर गेली तर काय, हे कलम तुझ्या मसुद्यात नाहीच. परवाना कधी संपेल, छापून ठेवलेली वेष्टणे आणि पाट्या किती महिने चालतील, पुण्याने नंतर केलेल्या सुधारणा कोणाच्या, हे आज लिहिणे सोपे आहे, कारण आज दोघेही एकमेकांवर रुसलेले नाहीत.

नवा मसुदा लगेच करू नकोस. आधी पुण्याच्या अभियंत्यांच्या नेमणूकपत्रांचा नमुना, दोन्ही पेटंटांच्या नोंदवहीतले उतारे आणि चिन्हाचे नोंदणी प्रमाणपत्र मागव. ते आले की गुरुवारी संध्याकाळी बसू. आणि दोन्ही बाजूंनी सही करायला दोन वेगळी माणसे हवीत, हे सचिव विभागाला आजच कळव.

तुझा स्नेहांकित