वयाची अट कोणाच्या हाती?

प्रश्न : आमच्या भागातील शाळेच्या मागच्या भिंतीलगतच पानठेला आहे. नवव्या वर्गात शिकणाऱ्या माझ्या मुलाच्या दप्तरात खर्ऱ्याची पन्नी सापडली. ठेलेवाल्याला जाब विचारला, तर शाळेचे फाटक पलीकडच्या रस्त्यावर असल्याने आपल्याला कायदा लागू होत नाही, असे तो म्हणाला. दारूसाठी महाराष्ट्रात २५ वर्षांची अट आहे. मग तंबाखूसाठी निदान २१ ची अट नागपूर महानगरपालिका आपल्या हद्दीत घालू शकते का?
– एक आई, नागपूर

उत्तर : महानगरपालिकेला तसे करता येणार नाही. तंबाखूसाठी १८ वर्षांची मर्यादा २००३ च्या केंद्रीय कायद्याने ठरवली आहे आणि पालिकेच्या उपविधीने ती बदलता येत नाही. राज्याला मात्र वाट आहे. कर्नाटकाने विधिमंडळात याच कायद्याला दुरुस्ती करून, तिला राष्ट्रपतींची संमती मिळवून, ही मर्यादा २१ केली आहे. महाराष्ट्रानेही २०१८ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली होती, त्यामुळे आपली मागणी पालिकेच्या सभागृहाकडे नव्हे, तर आपल्या आमदारांकडे जायला हवी.

मद्य हा विषय मुळातच राज्यघटनेच्या राज्यसूचीत असल्याने तेथील वय प्रत्येक राज्य ठरवते. महाराष्ट्रात मद्यासाठी २५ आणि बिअरसाठी २१, तर सावनेरच्या पुढे सीमा ओलांडली की मध्य प्रदेशात सरसकट २१. वयाचा आकडा शहरागणिक वेगळा नसावा असे मला वाटते ते यामुळेच, कारण मग गिऱ्हाईक फक्त पुढच्या गावी जाते. दुकान कुठे असावे, हे मात्र स्थानिकांनीच ठरवावे, आणि दारूच्या बाबतीत ती सोय आपल्याकडे आहेही : गावातील किंवा प्रभागातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले, तर दुकान बंद होते.

आता तुमच्या ठेल्याविषयी. ठेलेवाल्याचे म्हणणे साफ चुकीचे आहे. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूविक्रीला मनाई आहे आणि नियमांनुसार हे अंतर फाटकापासून नव्हे, तर आवारभिंतीच्या बाहेरील कडेपासून चहूबाजूंनी मोजले जाते. ग्राहक सज्ञान असल्याची खात्री करण्याची जबाबदारीही विक्रेत्याचीच आहे. शिवाय खर्रा ज्या सुगंधित तंबाखूत घोटला जातो, तिच्या विक्रीवर अन्न सुरक्षा कायद्याखाली राज्यात बंदी असल्याने तो कोणत्याही वयाच्या माणसाला विकता येत नाही.

२००३ च्या कायद्यातील दंड जेमतेम २०० रुपयांपर्यंतचा आहे, आणि ही रक्कम मला लाजिरवाणी वाटते. म्हणून तक्रारीत बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ चा उल्लेख अवश्य करा. बालकाला तंबाखू देणाऱ्यास त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ही तक्रार पोलीस ठाण्यात द्या. महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात वेगळा अर्ज करून ठेला हटवण्याची मागणी करा, कारण रस्त्यावरील जागेचा अधिकार खरोखरच पालिकेचा आहे. दोन्ही अर्जांत भिंतीपासून ठेल्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहा आणि शक्य झाल्यास मुख्याध्यापकांची सही घ्या.