घरात बारा माणसं, ऐन उन्हाळा आणि एक आठवडा

प्रश्न : ताई, उन्हाळ्याच्या सुट्टीत एक आठवडा आमच्याकडे सगळे जमतात. आम्ही चौघं, सासू-सासरे, नणंद आणि तिची दोन मुलं, दीर-जाऊ आणि त्यांचं दीड वर्षाचं बाळ. सगळे मदत करतात हो, कोणी बसून राहत नाही, पण दिवसभर मलाच विचारत असतात, वहिनी टॉवेल कुठंय, मामी भूक लागली, आता काय चिरू, मशीन लावू का. रात्री अंगापेक्षा डोकं जास्त दमलेलं असतं आणि मग मी कुणावर तरी उगाच चिडते. सगळे आलेले मला मनापासून आवडतात, मग असं का होतं? माझं काही चुकतंय का?

उत्तर : नाही गं, तुझं काही चुकत नाहीये. तू लिहिलंयस ना की अंगापेक्षा डोकं दमतं, सगळं त्यातच आलं बघ. कामं वाटली गेली आहेत पण लक्षात ठेवणं वाटलं गेलेलं नाही, बारा जणांचं कधी काय कुठे हे सगळं एका डोक्यात आहे आणि बाकीचे अकरा जण त्या डोक्याला विचारून विचारून कामं करतायत. जो विचारतो त्याला वाटतं आपण मदत केली आणि तुला वाटतं अजून एक काम वाढलं, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर असतं.

म्हणून यावेळी मदत मागू नकोस, पूर्ण खातं देऊन टाक. म्हणजे कसं, कपडे दिराकडे असतील तर मशीन कधी लावायचं, वाळत कधी घालायचे, उतरवायचे कधी, घड्या, आणि कुणाचा टीशर्ट कुणाचा ते ओळखून त्याच्या खोलीत पोचवणं, साबण संपत आला तर आणणं हे सगळं त्याचं. तुझं त्यात काहीच नाही. कुणी विचारलं माझा टॉवेल कुठंय तर तू फक्त म्हणायचं, काकाला विचार. पहिल्या दिवशी पांढरा शर्ट रंगीत कपड्यांत जाईल, जाऊ दे, मध्ये पडू नकोस. मला स्वतःला हे जमायला फार वेळ लागला कारण मी खातं द्यायचे आणि मग मागे उभी राहून बघायचे, आणि मागे उभं राहिलं की ते खातं परत आपल्याकडे येतं.

रात्रीचं जेवण एक दिवसाआड जाऊ आणि नणंद बघू देत, काय करायचं हे ठरवण्यासकट, आणि तुझ्या नवऱ्याला सकाळचं खातं पूर्ण दे. पिण्याचं पाणी मोठ्या मुलांकडे, बाटल्या भरणं आणि त्या कुठे आहेत ते माहीत असणं. सासूबाईंना बसून करता येईल असं काहीतरी नक्की दे, रिकामं बसवलेलं मोठ्या माणसांना आवडत नाही आणि मग त्या तुझ्या कामात येतात, तेही प्रेमानेच. आणि हे सगळं माणसं दारात आल्यावर सांगायचं नाही, आठवडाभर आधी फोनवर बोलून ठेव, नणंदेला आधी. ती म्हणेल मी आरामाला येतेय, बरोबर आहे तिचं, वर्षभर तीही राबतेच, तर तिला तीनच संध्याकाळी दे आणि बाकी मोकळी सोड. कोणाकडे काय आहे ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लाव, लहानांना वाचता येईल इतक्या खाली.

स्वयंपाक मात्र वेगळा विषय आहे कारण त्यात उष्णता आहे. शेगडी दुपारी तासभर चालली की घर किती तापतं ते बारा माणसांच्या घरात लगेच कळतं, तेव्हा जे शिजवायचं ते सकाळी ऊन चढायच्या आत आणि दुपारी पेटवायचंच नाही. पण मग सकाळचं अन्न नीट ठेवायला हवं. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त राहू द्यायचं नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, कारण साधारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू भराभर वाढतात. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर ते मध्यभागी कितीतरी वेळ कोमट राहतं, ते पसरट दोन-तीन भांड्यांत काढलं की पटकन गार होतं. भाताच्या बाबतीत तर हे नक्कीच करा, त्यातल्या एका जंतूचं विष परत उकळलं तरी जात नाही. आणि फ्रिज ४-५ अंशांवर राहायला हवा, पण बारा जण गार पाण्यासाठी दर दहा मिनिटांनी दार उघडतात मग कसा राहील, म्हणून पिण्याचं पाणी फ्रिजच्या बाहेर वेगळं ठेवायचं. खचाखच भरायचा पण नाही, आत हवा फिरायला जागा लागते.

प्रश्न : माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत, भर उन्हाळ्यात दिवसाला जेमतेम तीन-चार पेले पाणी पितात, म्हणतात तहानच लागत नाही. घरात एवढी गर्दी असली की लक्ष पण राहत नाही. जबरदस्ती करावी का?

उत्तर : ते खरं बोलतायत, हट्ट नाहीये तो. वय वाढलं की तहान लागल्याची जाणीवच कमी होते, शरीराला पाणी हवं असतं पण सांगत नाही. त्यामुळे 'लागलं तर प्या' याचा उपयोग नाही, वेळेला बांधून द्यायचं, उठल्यावर, गोळ्यांबरोबर, प्रत्येक जेवणाच्या आधी आणि नातवंडांबरोबर, थोडं थोडं. गर्दीच्या आठवड्यात हे एका नातवाचं खातं करा, आजोबा त्याला नाही म्हणत नाहीत. फक्त हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर किती पाणी द्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, तिथे आपल्या मनाने वाढवायचं नाही.

लघवी गडद पिवळी, उभं राहिल्यावर चक्कर, नेहमीपेक्षा गळून गेल्यासारखं, हे दिसलं तर पाणी कमी पडतंय समजा. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजतंय, ताप ४० अंशांच्या आसपास, तर ते पाणी पाजण्याचं प्रकरण राहिलं नाही, तातडीने दवाखाना. गाडी येईपर्यंत सावलीत आडवं करून अंगावर पाणी मारायचं आणि वारा घालायचा, पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही. पंख्यावर पण फार भरवसा ठेवू नका, हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर टाकतो, तेव्हा अंग ओलं करणं जास्त कामाचं. दिवसा ऊन येणाऱ्या बाजूचे पडदे बंद, रात्री बाहेर गार झालं की सगळ्या खिडक्या उघड्या. आणि घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला वरचं पाणी नको, उन्हाळ्यात सुद्धा, दूधच जास्त वेळा.

प्रश्न : सकाळी बाथरूमसाठी रोज भांडणं होतात. एकच आहे, माणसं नऊ.

उत्तर : लहान मुलांच्या आंघोळी रात्री. घाम धुतला जातो म्हणून झोपही चांगली लागते. दात घासणं, दाढी, केस विंचरणं बाथरूमच्या बाहेर. बाकी आपोआप सुटतं.

प्रश्न : चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची सहा मुलं दिवसभर घरात, दुपारी ऊन म्हणून बाहेर पाठवता येत नाही, मग मारामाऱ्या नाहीतर मोबाईल. माझी मोठी मुलगी सगळ्यांना सांभाळते म्हणून मी सुटते पण आता ती पण चिडचिड करतेय.

उत्तर : तुमच्या मुलीपासून सुरुवात करते कारण पत्रात ती शेवटी आलीये. चौदा वर्षांची आहे ती, सुट्टी तिची पण आहे. तिला दिवसात दीड तास सांभाळायला सांगा, ठरलेल्या वेळी, आणि तो संपला की खरंच संपला, मग तिला दार लावून एकटं बसू द्या आणि कुणी दार वाजवायचं नाही.

बाकीच्यांसाठी दिवसाचे तुकडे करा. पळापळ सकाळी लवकर आणि संध्याकाळी, दुपारी दोन तास सगळ्यांनी आडवं व्हायचं, झोप नाही आली तरी चालेल, पुस्तक चालेल, बोलायचं नाही. सहा ते बारा वयाच्या मुलांना दिवसात ९ ते १२ तास झोप लागते आणि पाहुणे असले की पहिली तीच जाते, रात्री उशिरापर्यंत दंगा आणि सकाळी सगळे एकदम उठणार. दुपारच्या अर्ध्या मारामाऱ्या मला तरी झोपेच्या वाटतात.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. उन्हाळ्यात पाणी भरून ठेवलेल्या बादल्या, टब घरभर असतात. लहान मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं, वाकून बघताना डोकं जड असल्यामुळे ते आत पडतं, बाहेर येता येत नाही आणि आवाजही होत नाही. घरात दहा मोठी माणसं असताना प्रत्येकाला वाटतं दुसरं कुणीतरी बघतंय. म्हणून बादल्या झाकून, बाथरूमचं दार वरून कडी लावून, आणि लहान मूल कुणाकडे आहे ते तोंडाने सांगायचं, 'आता माझ्याकडे', 'घे, आता तुझ्याकडे', असं स्पष्ट, उत्तर मिळाल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही.

प्रश्न : सगळे गेल्यावर मी दरवर्षी दोन दिवस आजारी पडते. काय करू?

उत्तर : चादरी त्या दिवशी धुऊ नका. गाडी सुटायच्या आधी ज्याने त्याने आपली गादी गुंडाळून चादर मशीनजवळ ठेवायची, हे शेवटचं खातं प्रत्येकाचं, लहानांचं सुद्धा. ढीग दोन दिवस तिथेच राहू दे आणि तुम्ही दार लावून झोपा.