स्कीइंग शिकायचंय: खासगी शिकवणी की गटात?

प्रश्न : ६ दिवसांच्या सुट्टीत आम्ही चौघं स्कीइंग शिकणार आहोत. मी आणि ११ वर्षांची मुलगी अगदी नवख्या, धाकटा मुलगा ५ वर्षांचा. नवऱ्याने यापूर्वी दोन वेळा आठवडाभर स्कीइंग केलंय. चौघांत मिळून एक खासगी प्रशिक्षक घेतला तर माणशी खर्च गटाइतकाच पडतो. मग तोच का घेऊ नये?

उत्तर : हिशेब बरोबर आहे. खासगी प्रशिक्षकाचे पैसे बहुधा तासावर ठरतात, माणसांवर नाही. पण तुम्ही चौघं एका पातळीवर नाही आणि प्रशिक्षक एका वेळी एकाच उतारावर असू शकतो. तो मुलासोबत सरकत्या पट्ट्यापाशी (नवशिक्यांना उतारावर वर नेणारा पट्टा) थांबला की नवऱ्याचे दोन तास वाया गेले. तो वर गेला तर तुम्ही तिघं खाली उभे. हा पर्याय सोडा.

तुम्ही आणि मुलगी गटात जा, मात्र वेगवेगळ्या, कारण मोठ्यांचे आणि मुलांचे गट सहसा निराळे असतात. पहिले तीन दिवस सगळ्या नवशिक्यांना एकच शिकायचं असतं: बूट घालून चालणं, एका स्कीवर घसरणं, मग स्नोप्लाऊ, म्हणजे स्कीची टोकं जवळ, मागच्या बाजू एकमेकींपासून लांब आणि आतल्या कडा बर्फात. त्यातच थांबणं, मग वळणं. आठ जणांच्या गटात बराच वेळ उभं राहावं लागतं हे खरं, पण नवख्या मांड्यांना तेवढी विश्रांती लागतेच. नोंदणीआधी विचारा: गटात जास्तीत जास्त किती जण? (दहाच्या वर असतील तर दुसरी शाळा बघा.) पहिल्या दिवसानंतर गट बदलता येतो का? प्रशिक्षक कुठल्या भाषेत बोलणार? नवशिक्यांचा गट कुठल्या वारी सुरू होतो? अनेक ठिकाणी तो रविवारी किंवा सोमवारीच सुरू होतो. बुधवारी पोचलात तर अर्धा अभ्यास होऊन गेलेला असतो.

खासगी शिकवणीचा खरा उपयोग तुमच्या नवऱ्याला आहे. थोडंफार येणाऱ्याच्या चुका त्याच्या स्वतःच्या असतात. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे भीतीने मागे झुकणं. भार टाचांवर गेला की स्कीची टोकं हलकी होतात आणि स्की वळत नाही. मग माणूस खांदे फिरवून ती ओढू बघतो आणि मांड्या पेटतात. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकलेली हवी आणि भार बाहेरच्या स्कीवर हवा. उजवीकडे वळताना डाव्या. हे सुधारायला सतत एकाच माणसाकडे पाहणारा डोळा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास, मधे एक दिवस स्वतः सराव, मग चौथ्या दिवशी पुन्हा दोन तास. रोज शिकवणी घेतली तर सांगितलेलं अंगात मुरायला वेळच मिळत नाही.

मुलासाठी लहान मुलांचा गट. शौचालयाला कोण नेणार आणि ऊब घ्यायला खोली आहे का, हे आधी विचारून घ्या. सुरुवातीला मुलांच्या हातात काठ्या देत नाहीत, त्यामुळे त्या भाड्याने घेऊ नका. पहिल्या दिवशी तो गटात रमलाच नाही तर एक तास खासगी घ्या, पण त्याहून जास्त नको. या वयात लक्ष तेवढाच वेळ टिकतं.

पैसे उरले तर पाचव्या दिवशी तुम्ही आणि मुलगी मिळून दोन तास घ्या. पट्टा सोडून पहिल्यांदा चेअरलिफ्टने, म्हणजे तारेला टांगलेल्या खुर्चीतून, वर जाताना सोबत माणूस असलेला फार बरा. वाऱ्यामुळे लिफ्ट बंद पडल्या तर पैसे परत मिळतात का, हेही नोंदणीच्या वेळीच विचारा.

प्रश्न : पहिला तास वाया जाऊ नये म्हणून काय करावं?

उत्तर : बूट आणि स्की आदल्या संध्याकाळीच भाड्याने घ्या. सकाळी दुकानात रांग असते आणि गट तुमच्यासाठी थांबत नाही. बुटात एकच पातळ मोजा घाला. दोन जाड मोज्यांनी रक्तप्रवाह आवळतो आणि पाय उलट जास्त गारठतात. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरकावीत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे.

दुकानात वजन, उंची, वय आणि अनुभव खरा सांगा. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जोडून ठेवणारी पकड, किती जोर आल्यावर सुटावं हे त्यावरून ठरतं. संकोचाने वजन कमी सांगितलं तर स्की नको तेव्हा निसटते. अनुभव फुगवून सांगितला तर पडल्यावरही ती सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. बाइंडिंगला स्वतः हात लावू नका. काही वेगळं वाटलं तर दुकानात परत जा.