जुना व्हॉल्व्ह बेस अ‍ॅम्प घेताय? आधी ट्रान्सफॉर्मर बघा

प्रश्न खानापूरच्या मित्राचा आहे. म्हापशातला एक जुना वादक सत्तरच्या दशकातला फेंडर बेसमन १०० (बेस गिटारचा शंभर वॅटचा अ‍ॅम्प) विकतोय, 'चालू आहे' म्हणतोय, तर घ्यावा का?

घ्या, पण आवाजावर भाळून भाव ठरवू नका. आवाज सगळ्यात शेवटी ऐका. व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या), कपॅसिटर, रेझिस्टर बदलता येतात. ट्रान्सफॉर्मर गेला तर त्या जातीचा परत मिळवताना दमछाक होते.

पहिल्यांदा मागची प्लेट वाचा. अमेरिकेत विकलेला असेल तर तो १२० व्होल्टचा असणार. थेट आपल्या २३० वर लावला की संपला. स्टेप-डाऊन, म्हणजे २३० चे १२० करणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर, लावून व्होल्टेज जमतं, पण लोक इथंच थांबतात. तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची. तेवढ्याच व्होल्टला गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र वीस टक्क्यांनी वाढतं आणि फक्त ६० साठी बनवलेला अ‍ॅम्पमधला मेन्सचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. प्लेटवर '५०/६०' असेल किंवा मागे व्होल्टेज निवडायची सोय असेल, तर तो निर्यातीचा अ‍ॅम्प आहे. त्याला चार पैसे जास्त मोजले तरी चालतील. नुसतं ६० असेल तर तासभर वाजवून ट्रान्सफॉर्मरला बाहेरून हात लावा. हात टेकवत नसेल तर सोडून द्या.

खानापूर भागात व्होल्टेज वरखाली होतं हे तुम्हाला सांगायला नको. रात्री २५० झाले की स्टेप-डाऊनमधूनही १३० बाहेर पडतात आणि व्हॉल्व्हचे हीटर तेवढेच जास्त तापतात. म्हणून आधी स्टॅबिलायझर, मग ५०० व्हीएचा स्टेप-डाऊन. अर्थिंग मात्र आधी तपासून घ्या. जुन्या घरात तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेला मागे वायरच नसते. बाजारातल्या बऱ्याच स्टेप-डाऊनना दोनच पिनांचं सॉकेट असतं, तिथंही अर्थ तुटतो. या अ‍ॅम्पच्या मागे 'ग्राउंड' नावाचा स्विच असतो. त्याच्यामागचा कपॅसिटर मेन्स आणि चॅसिस (अ‍ॅम्पचा पत्र्याचा सांगाडा) यांच्यामध्ये बसवलेला असतो. तो शॉर्ट झाला आणि अर्थ नसला, तर बेसच्या तारांतून शॉक बसतो. तो कपॅसिटर मेकॅनिकला काढून टाकायला सांगा, आवाजात काही फरक पडत नाही.

दुसरा ट्रान्सफॉर्मर आउटपुटचा, व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला. त्याची गोष्ट मी स्वतः भोगली आहे. माझ्याकडे एक ब्रिटिश हेड (स्पीकर वेगळा असलेला अ‍ॅम्प) होतं. गणपतीच्या तालमीत कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची, वायर निसटली. आवाज गेला म्हणून वाजवणाऱ्यानं व्हॉल्यूम वाढवला. दहा मिनिटांत जळका वास सुटला. स्पीकर नसताना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटतं. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर भरून (तार नव्यानं गुंडाळून) घेतला, अ‍ॅम्प वाजायलाही लागला, पण जुना आवाज परत आला नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी या दोन गुंडाळ्यांचे थर एकमेकांत गुंफलेले असतात. मोटर भरणाऱ्याला ते काम ठाऊक असेलच असं नाही. म्हणून 'ट्रान्सफॉर्मर भरून घेतलाय' असं कोणी म्हणालं तर भाव निम्मा धरा. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ ने सुरू होणारा आकडा दिसला तर तो शूमाकर कंपनीचा, म्हणजे बहुधा मूळचा. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात.

'सगळं ओरिजिनल आहे' हे विकणारा कौतुकानं सांगेल. लाकूड, स्पीकर, ट्रान्सफॉर्मर ओरिजिनल असणं चांगलंच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पन्नास वर्षांपूर्वीचे असतील, तर ते तुमच्याच खर्चात येणार हे धरून बोला. बरीच वर्षं बंद असलेला अ‍ॅम्प एकदम चालू करू नका. जुन्या रेडिओ मेकॅनिककडचा सिरीज बोर्ड घेऊन जा, म्हणजे अ‍ॅम्पची वीज आधी एका बल्बमधून जाते. शंभर वॅटचा फिलामेंटवाला बल्ब हवा, एलईडी चालत नाही. बल्ब आधी पेटून मंद झाला तर बरं. भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. सिरीज काढल्यावर चारही ६एल६ कडे (मोठ्या आउटपुट व्हॉल्व्हकडे) अंधारात बघा. मधली नारिंगी लकेर ठीक, काचेवरची निळी छटाही ठीक. बाहेरचा करडा पत्रा लाल होत असेल तर लगेच बंद करा. बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा ते ठरवणारं व्होल्टेज) बिघडलाय किंवा आधीच्या टप्प्याशी जोडणारा कपलिंग कपॅसिटर गळतोय.

स्वतः आत हात घालू नका. चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात.

सौदा झाला तर चोर्ला घाटातून आणताना व्हॉल्व्ह काढा, कुठला कुठं होता ते लिहून ठेवा आणि कपड्यात गुंडाळून मांडीवर घ्या. त्याआधी मागच्या प्लेटचा स्वच्छ फोटो मागवा आणि मला दाखवा.