डिमॅट अकाउंट उघडायच्या आधी ब्रोकर कसे कंपेअर करायचे?

सगळे आधी ब्रोकरेज म्हणजे ब्रोकरचं कमिशन बघतात, पण डिलिव्हरीत (शेअर घेऊन त्याच दिवशी न विकता ठेवले तर) बऱ्याच डिस्काउंट म्हणजे कमी फीवाल्या ब्रोकरकडे ते शून्य किंवा अगदी कमी असतं, खरा फरक बाकीच्या चार्जेसमध्ये पडतो. एसटीटी म्हणजे शेअर व्यवहारावरचा टॅक्स सरकारचा, सगळीकडे सारखाच, डिलिव्हरीत घेताना-विकताना 0.1%, त्याची तुलना करत बसू नका. बघायचं काय तर डीपी चार्ज, म्हणजे डिमॅटमधून शेअर बाहेर जाताना लागणारी फी. शेअर विकला की दर कंपनीमागे त्या दिवसाचा एकदा लागतो, मग एक शेअर विका नाहीतर शंभर. माझ्या भावाने डोंबिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या तीन कंपन्यांचे दोन-दोन शेअर विकले, एकूण नऊशेचे, आणि रात्री लेजरमध्ये म्हणजे ब्रोकरकडच्या खात्याच्या हिशोबात साठ-एक रुपये कापलेले, बिचारा ब्रोकरेज झिरो म्हणून खुश होता!

मग एएमसी, म्हणजे डिमॅटचा वार्षिक मेंटेनन्स चार्ज विचारा. तुमचं एकच डिमॅट असेल आणि होल्डिंग 4 लाखांपर्यंत असेल तर बेसिक अकाउंटला म्हणजे बीएसडीएला वार्षिक चार्ज लागत नाही, सप्टेंबर 2024 पासूनचा नियम आहे. ब्रोकर स्वतःहून सांगेलच असं नाही, तुम्ही मागा.

अ‍ॅप सकाळी सव्वानऊला मार्केट उघडतं तेव्हा कसं चालतं ते आधीच वापरणाऱ्या कुणाला तरी विचारा, दुपारी सगळेच मस्त चालतात. सेबी म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था, तिच्या साइटवर ब्रोकरचा रजिस्ट्रेशन नंबर तपासा, एनएसई म्हणजे नॅशनल स्टॉक एक्सचेंजच्या साइटवर ब्रोकरविरुद्धच्या तक्रारींचे आकडे पण मिळतात. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या लिंकवरून अकाउंट अजिबात उघडू नका, प्लीज.