स्थळांसाठी मॅनेजर होऊ नये

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. दहावीला ५८ टक्के पडले, मग आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकल केलं. पाच वर्षं कोल्हापुरात चारचाकीच्या गॅरेजमध्ये कामाला आहे. मालक धरून सात माणसं. आता मालक त्याला सर्व्हिस मॅनेजर करतो म्हणतात, पगारही चार हजारांनी वाढेल. हा मात्र 'बघू' म्हणून टाळतोय. मॅनेजर म्हटलं की चांगली स्थळं येतील, हात काळे राहणार नाहीत, हे त्याला कळत नाही. हे नको असेल तर नोकरी सोड आणि पुण्याला भरतीच्या अभ्यासाला जा, असं मी त्याला बजावलं आहे. तुम्ही त्याला समजवा.
(खाली वेगळ्या अक्षरात : 'मला काम आवडतं. पण मिस्त्रींना मी काय सांगणार?')

उत्तर : तुमच्या पत्रात स्थळं आहेत, पगार आहे, हातांचा काळेपणा आहे. मुलाला काय जमतं आणि काय आवडतं, हे मात्र त्यालाच खाली दोन ओळींत लिहावं लागलं. मला काळजी वाटली ती याची. लग्नाळू मुलाच्या घरात काय चाललेलं असतं, याची मला कल्पना आहे. मुलगा कमावता आहे, निर्व्यसनी आहे, तरी 'गॅरेजात आहे' म्हटल्यावर समोरचे फोन ठेवतात. आईबापाच्या जिवाला ते लागतं. पण ते दुःख तुम्ही त्याच्या कामाच्या निर्णयावर लादताय, आणि ते चूक आहे. पाच वर्षं एका जागी टिकून काम शिकलेल्या मुलाला 'हे घे, नाहीतर सगळं सोड' असं सांगायचं नसतं. तो 'बघू' म्हणतोय, कारण घरात त्याला दुसरं काही म्हणायला जागाच उरलेली नाही.

मॅनेजर ही मेकॅनिकच्या वरची पायरी आहे, या समजातून आधी बाहेर या. ते वेगळं काम आहे. सकाळी ग्राहक येतो आणि म्हणतो, 'गाडी ओढत नाही.' मॅनेजरने तिथे विचारायचं असतं : इंजिन थंड असताना की तापल्यावर? एसी लावला की जास्त? आंबोलीचा घाट चढतानाच, की सपाटीलाही? समोर दिवा लागतो का? ही उत्तरं ग्राहकाच्याच शब्दांत जॉबकार्डवर, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, उतरली नाहीत, तर क्लचप्लेट घसरत असताना मिस्त्री अर्धा दिवस डिझेल फिल्टरच्या मागे घालवतात. त्याच कार्डावर किलोमीटर, इंधनाचा काटा आणि गाडीवरचे आधीचे ओरखडे लिहून ग्राहकाची सही घ्यायची. गाडी खोलल्यावर एस्टिमेटबाहेरचं काही निघालं, तर हात लावायच्या आधी फोन करून होकार घ्यायचा. स्पेअर येणार नाही हे दुपारी कळलं, तर दुपारीच कळवायचं. ग्राहक संध्याकाळी दारात येईपर्यंत गप्प बसायचं नाही. दिवसभर माणसांशी बोलायचं आणि प्रत्येक शब्दाचा हिशेब द्यायचा, असं हे काम आहे. उत्तम मेकॅनिकला ते जमेलच असं नाही, आणि जमलं नाही म्हणून तो कमीही ठरत नाही. हातांचं म्हणाल, तर सात माणसांच्या गॅरेजमध्ये हेल्पर आला नाही की मॅनेजरच रॅम्पखाली जातो.

मेकॅनिक राहूनच पुढे जायची दुसरीही वाट आहे. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमांत बसणाऱ्या आहेत. त्यांच्यात सेन्सर इतके आहेत की दोष बरेचदा आधी स्कॅनरवर शोधावा लागतो. पण स्कॅनर नुसता दोषाचा कोड दाखवतो. तेवढ्यावर सेन्सर बदलून टाकायचा, की आधी वायरिंग आणि कनेक्टर तपासायचा, हे ठरवायला माणूस लागतो. असा माणूस मालक सहजासहजी सोडत नाहीत. तुमच्या मुलाने हा रस्ता धरला तर मी त्याला अडवणार नाही.

आता तुझ्याशी बोलायचं आहे. तुझा प्रश्न या पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे. ज्यांनी हातात पाना दिला, त्यांना आता 'आधी ही गाडी घ्या' कसं सांगायचं? यात हद्द आखून घे. गाडी कशी दुरुस्त करायची हे मिस्त्रींनी ठरवायचं. कोणती आधी घ्यायची आणि ग्राहकाला किती वाजता ये म्हणायचं, हे तू. आणि वेळ देण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन विचारायचं, 'पाचपर्यंत होईल का?' नव्या व्यवस्थेची गोष्ट मात्र मालकांनी आधी मिस्त्रींशी एकट्यात बोलावी, मग सगळ्यांसमोर सांगावी. 'तूच सांग त्यांना' असं मालक म्हणाले, तर पद घेऊ नकोस. जो मालक हे पहिलं अवघड बोलणं टाळतो, तो पुढच्या प्रत्येक भांडणात तुलाच पुढे करेल.

हे नीट झालं, तर तीन महिने करून बघ, असं माझं मत आहे. नाही जमलं तर जुन्या कामावर परत, हे आधीच ठरलेलं असू दे. बिलात सूट किती द्यायची, उधारीला हो कोण म्हणणार, तेच काम घेऊन गाडी परत आली तर भुर्दंड कोणाचा, हे मालकांकडून एका कागदावर लिहून घे. उधारीचा शब्द तू दिलास आणि वसुलीलाही तूच फिरतोयस, असं होऊ देऊ नकोस.

भरतीचं म्हणाल तर रेल्वे आणि एसटीच्या तांत्रिक जागांचे अर्ज आयटीआयवर भरता येतात, डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घ्यायचाही मार्ग आहे. पण त्यासाठी चालतं काम सोडून पुण्यात खोली घेऊन बसू नये.

पगारवाढीबरोबर एक गोष्ट तुम्ही दोघांनी लक्षात घ्या. पीएफचा कायदा साधारणपणे २० माणसांच्या आस्थापनेपासून लागतो, ईएसआय म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचा १० पासून. सात माणसांच्या गॅरेजला यातलं काहीच बंधनकारक नाही. म्हणून चार हजारांतले काही दरमहा स्वतःच बाजूला टाकावे लागतील, आणि अपघात विम्याचं मालकांना विचारावं लागेल. तोवर त्याच्या बँक खात्यावरून पंतप्रधान सुरक्षा विमा योजना सुरू करून द्या : वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाखांचं संरक्षण. वडील म्हणून एवढं या आठवड्यात करा. मालकांना भेटायला मात्र तुम्ही जाऊ नका. ते बोलणं त्याचं आहे, त्यालाच करू द्या.